नालदोचं नववं पाणी

प्योकाकांनी समाजघराच्या भिंतीवर चिकटवलेला कागद इतका लांब होता, की त्याचं खालचं टोक जमिनीवर लोळत होतं आणि दानू नेमका त्यावर उभा होता.

"पाय काढ, गाढवा. सोमवारवर उभा आहेस तू," बोमीने त्याला बाजूला ओढलं.

सोमवार म्हणजे तर सगळ्यात नाजूक दिवस. प्योकाका मुरेदो बेटाचे गावप्रमुख, आणि हा त्यांचा महिनाभर घासूनपुसून केलेला बेत होता. शनिवारी सकाळच्या बोटीने किनाऱ्यावरच्या मोक्पो शहरातून बावीस पदयात्री मुरेदोला उतरणार. त्या दिवशी मुरेदोला पूर्ण वळसा. रविवारी ओहोटीला दगडी बांधावरून पलीकडच्या गोचंदो बेटावर, तिथे मुक्काम. सोमवारी सकाळच्या ओहोटीला पुढच्या बांधावरून नालदोवर, तिथली टेकडी चढून उतरायची. तीन दिवस, तीन बेटं, सेहेचाळीस किलोमीटर. आणि सोमवारी दुपारच्या भरतीला गुक कप्तानची बोट नालदोच्या दगडी उतारावर लागणार आणि सगळ्यांना संध्याकाळच्या रेल्वेगाडीसाठी मोक्पोला पोचवणार.

येणं सोपं होतं, घोळ सगळा जाण्याचा होता. नालदोवर ना घर, ना विहीर, ना नळ. माणसं पोचली की मागचा बांध पाण्याखाली जातो तो संध्याकाळपर्यंत वर येत नाही. बोट आली नाही, तर बावीस माणसं त्या उघड्या खडकावर बसून राहणार, गाडी चुकणार, दुसऱ्या दिवशीची कामं बुडणार आणि मुरेदोचं नाव सगळीकडे खराब होणार ते वेगळंच.

त्या बावीसजणांत मेंगबाई होत्या. बोटीच्या फेऱ्या ठरवणाऱ्या कचेरीतून त्या मुद्दाम येणार होत्या. मुरेदोची रोजची बोट रिकामी जाते, म्हणून जूनपासून ती आठवड्यातून दोनदाच सोडायची असं घाटत होतं. चालणारी माणसं येऊ लागली, त्यांची नीट ने-आण झाली, तर बोट टिकेल. नाहीतर नाही.

बोमी आणि तिचा धाकटा भाऊ दानू रोज सकाळी सात दहाच्या बोटीने मोठ्या बेटावरच्या शाळेत जात. बोट गेली तर तेरा वर्षांची बोमी मोक्पोच्या वसतिगृहात जाणार, दानूला घेऊन आई शहरात जेमतेम दोघांपुरती खोली करणार, आणि बाबा आणि आजी शेवाळाच्या शेतीपाशी मागे राहणार. जेवणाच्या ताटावर हे बोलणं दोनदा झालं होतं. दोन्ही वेळा बोमी अर्ध्यावर उठली होती. तेव्हापासून तिला एका जागी बसवतच नव्हतं.

सुट्टीला ग्वांगजूहून आलेला तिचा मावसभाऊ सोल मुळातच एका जागी बसणाऱ्यातला नव्हता. तो बोमीपेक्षा तीन महिन्यांनी लहान होता. "तीन महिने का होईना, मोठी आहे ना? ताई म्हण," असं आजी त्याला रोज सांगायची, आणि तो रोज "बोमी" म्हणायचा.

शुक्रवारी सकाळी वाट दाखवणाऱ्या पिवळ्या फिती बांधायचं काम या तिघांवर आलं. पहाटेच निघून ओहोटीला दोन्ही बांध ओलांडत ते नालदोवर पोचले, तर उताराच्या वरच्या अंगाला प्लास्टिकचे वीस निळे डबे ओळीने मांडलेले. पदयात्रींसाठी पिण्याचं पाणी.

"बरं झालं, आले," म्हणत सोल एका डब्यावर बसला.

बोमी मात्र थांबली. हे डबे गुक कप्तान आज दुपारी आणणार होता. नालदोला बोट लागते ती फक्त भरतीला, आणि समुद्रात रोवलेल्या शेवाळाच्या शेतीच्या खांबांमधून रात्री कोणी बोट हाकत नाही. म्हणजे डबे काल दुपारच्या भरतीलाच आले असणार. गुक कप्तान, आणि वेळेच्या एक दिवस आधी? हा माणूस स्वतःच्या मुलीच्या लग्नालाही उशिरा पोचला होता, असं सगळं बंदर सांगे.

दानूने एका डब्याच्या कडीला अडकवलेली चिठ्ठी काढली. जाड पेनाने लिहिलं होतं, 'सहावं पाणी. वीस डबे उतरवले. गुक.'

"सहावं तर आज आहे," दानू म्हणाला. "काल पाचवं होतं."

आमच्या बाजूला समुद्रावरचं काम तारखेने ठरत नाही, पाण्याने ठरतं. पंधरा दिवसांचा फेरा असतो. भरती-ओहोटी अगदी मंदावते तो भांगाचा दिवस, मग पहिलं पाणी, दुसरं पाणी असं मोजत जायचं. सहाव्या-सातव्याला उधाण चढतं, तेराव्यानंतर पुन्हा भांग. दहा वर्षांच्या पोरालाही हे तोंडपाठ असतं. चाळीस वर्षं बोट चालवणारा माणूस त्यात चुकेल, हे बोमीला पटेना.

सोलचं म्हणणं, कप्तान प्यायलेला असणार. दानूचं म्हणणं, त्याचं कॅलेंडर मागच्या वर्षीचं असणार. पाणी चढायच्या आत परतताना दोघांचं यावरून भांडण झालं, आणि एका वळणावर फीत बांधायची राहून गेली ती बोमीला मागे जाऊन बांधावी लागली.

उलगडा झाला तो घरी, आजीपाशी. आजी अंगणात शिंपले सोलत बसली होती. चिठ्ठीचं ऐकून तिने विचारलं, गुक मूळचा कुठला? बोमीने सांगितलं, दक्षिण किनाऱ्यावरचा, दोनच वर्षं झाली इकडे येऊन.

"मग बरोबर आहे त्याचं," आजी म्हणाली. "भांगाच्या दुसऱ्या दिवशी पाणी हलतच नाही म्हणून तुमच्याकडे तो दिवस रिकामा सोडतात, मोजत नाहीत. आमच्या माहेरी तोच पहिला धरतात. मी लग्न होऊन आले तेव्हा एक दिवस आधीच टोपली घेऊन चिखलात जाऊन उभी. सासू महिनाभर हसत होती मला."

आजी दक्षिणेकडच्या वांदोची. गावात सगळे तिला अजूनही 'वांदोची सून' म्हणतात.

बोमीने बोटांवर मोजलं, आणि पुन्हा एकदा मोजलं. प्योकाकांनी कप्तानला तारीख सांगितलीच नव्हती. 'नवव्या पाण्याला नालदो' एवढंच कळवलं होतं. इथलं नववं सोमवारी. कप्तानचं नववं रविवारी. तो रविवारी रिकाम्या बेटावर येणार आणि रिकामा परत जाणार.

तिघं धावतच समाजघरात गेली. प्योकाका शिडीवर चढून स्वागताचा फलक टांगत होते आणि तो डाव्या बाजूला कलतोय की उजव्या, यावर खालच्या दोघांशी वाद घालत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि हसून म्हणाले, मी पन्नास वर्षं पाणी मोजतोय आणि तो गुक चाळीस वर्षं, आता तुम्ही आम्हाला शिकवा. बोमीने चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती वाचली, खिशात घातली. डबे लवकर आले यात वाईट काय, उलट शाबासकी द्यायला हवी त्याला. आणि हे बघ पोरी, त्या मेंगबाईंच्या कानावर असलं काही घालू नकोस, आपल्याला साधं मोजताही येत नाही असं वाटेल त्यांना.

मग बोमीने प्योकाकांच्या कागदावरच्या नंबरावर स्वतः फोन लावला. इंजिनाच्या आवाजात कप्तानचा आवाज आला. बोमीने आजीने सांगितलेलं सगळं एका श्वासात सांगितलं.

"पोरी, समुद्र एक आहे ना? मग नववं पाणी दोनदा कसं येईल?" कप्तान म्हणाला. "नवव्याला मी नालदोला आहे. दहाव्याला मी लांबच्या मासेमारीला निघतोय, जाळी भरून ठेवलीयेत. त्या प्योला सांग, माणसं वेळेवर उभी कर."

नवव्याला म्हणजे रविवारी की सोमवारी, असं बोमी विचारणार तोवर फोन बंद झाला होता. पुन्हा लावला, तेव्हा तो लागेचना.

शनिवार उजाडला. बोटीतून बावीस माणसं उतरली, लाल टोप्या, काठ्या, पाठीवर पिशव्या. मेंगबाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, आणि सगळ्यांत भराभर चालणाऱ्या होत्या. जाता जाता त्या कशाचं ना कशाचं टिपण करत होत्या. बोमी दिवसभर त्यांच्या मागेपुढे घोटाळली. दोनदा सांगायला तोंड उघडलं, दोनदा मिटलं. सांगितलं तर रोजची बोट बंद होणार, नाही सांगितलं तरी सोमवारी फजिती होऊन बंद होणारच. प्योकाका प्रत्येक वळणावर "सगळं ठरल्याप्रमाणे" म्हणत होते, आणि ते ऐकून बोमीला दगड भिरकावून द्यावासा वाटत होता.

"दुसरी बोट नाही का मिळणार?" सोलने संध्याकाळी विचारलं. बाबांनी सांगितलं, एवढी माणसं न्यायचा परवाना असलेल्या बोटी या दिवसांत सगळ्या मासेमारीवर. गुकची एकच राहिली होती, तीही निघायच्या बेतात.

"मग तीच थांबवायची," सोल म्हणाला. "उद्या ती नालदोला येणारच आहे. फक्त सोमवारपर्यंत जाऊ द्यायची नाही."

"बोट म्हणजे काय शेळी आहे, खुंटीला बांधून ठेवायला?" बोमी चिडली. पण बोलता बोलताच तिच्या डोक्यात काहीतरी आलं. नालदोच्या उतारापाशी पाणी तासभरच टिकतं. उधाणाचं पाणी जसं भसकन चढतं तसंच भसकन उतरतं. तेवढ्या वेळात निघाली नाही, तर बोट चिखलात बसते. मग पुढची भरती पहाटेच्या काळोखात, तेव्हा त्या खांबांमधून निघता येत नाही. त्यानंतरची सोमवारी दुपारी.

दुसऱ्याची बोट मुद्दाम चिखलात बसवायची, हे बंदरावरच्या माणसाला चोरीहून वाईट वाटतं. बोमीला रात्री झोप लागली नाही. सकाळी तिने आजीला सगळं सांगून टाकलं. आजीने शेवाळाच्या पातळ पानात भात गुंडाळून किम्बापच्या बारा गुंडाळ्या केल्या, डब्यात भरल्या आणि म्हणाली, "त्याच्यासाठी पण आहेत. भुकेल्या माणसाशी भांडू नका."

रविवारी पदयात्री गोचंदोचा वळसा घेत असताना ही तिघं पुढे निघून नालदोवर पोचली होती. मागचा बांध बुडाला. दुपारी तीनच्या सुमाराला खरोखरच बोट आली, उताराला टेकली आणि तिने तीनदा भोंगा वाजवला. गुक कप्तान बोटीच्या पुढच्या टोकाला आला. जाडजूड, उन्हाने काळवंडलेला, गळ्यात टॉवेल. त्याने टेकडीकडे पाहिलं, मग पोरांकडे.

"कुठे आहेत तुमचे चालणारे?"

"उद्या येणार, कप्तानकाका," बोमी म्हणाली. "आज आठवं पाणी आहे."

"फोनवरची पोरगी तूच काय? आज नववं आहे." त्याने उतारावर उडी मारली, डबे जिथल्या तिथे पाहिले आणि त्याचा चेहरा लाल झाला. "त्या प्योला मोजता येत नाही, त्याला मी काय करू? चाललो मी."

त्याने बोटीच्या कठड्याला हात घातला. तेवढ्यात सोल तिच्याकडे वळून मोठ्याने म्हणाला, "ताई, मी म्हटलं नव्हतं? दक्षिणेकडच्या लोकांना रिकामा दिवस कळतच नाही. जे दिसेल ते मोजत सुटतात."

कप्तानचा हात कठड्यावरून खाली आला.

"काय म्हणालास?"

"काही नाही, काका. इथले लोक म्हणतात म्हणून म्हटलं."

"कोण लोक? हा प्यो? अरे, भांगाच्या दुसऱ्या दिवशी समुद्र काय सुट्टीवर जातो?" कप्तानने बोमीची काठी ओढून घेतली आणि ओल्या वाळूत रेघा मारायला लागला. हा भांग. हे पहिलं. हे दुसरं. पंधरा रेघा. बोमी खाली बसली आणि दुसऱ्या बाजूने आपल्या रेघा मारू लागली. पाणी हललंच नाही तर मोजायचं काय, असं तिने विचारलं. दिसत नाही म्हणून हलत नाही होय, असं तो म्हणाला. झोपलेल्या माणसाचं वय मोजायचं थांबवतेस का तू?

हे मात्र बोमीला खरंच झोंबलं. आपण वेळ काढतोय हे ती विसरली आणि तावातावाने भांडू लागली. मग तुमच्याकडे चौदावं पाणी कशाला लागतं, आमचं तेरावर भागतं. कप्तानने बोट चालवायला शिकवणाऱ्या आपल्या पहिल्या तांडेलाचं नाव घेतलं, बोमीने आपल्या पणज्याचं. सोलने किम्बापचा डबा उघडून पुढे सरकवला, आणि कप्तान न बघताच एकामागून एक खात गेला. दानू त्यांच्याकडे पाठ करून पाण्यात बुडालेल्या एका पांढऱ्या दगडावर डोळे लावून उभा होता. दगडाचा माथा दिसला तेव्हा तो खोकला. दगड अर्धा दिसला तेव्हा पुन्हा खोकला.

"त्या पोराला सर्दी झालीय, घरी न्या त्याला," कप्तान म्हणाला, आणि तेवढ्यात मागून बोटीचं बूड घासल्याचा आवाज आला.

तो वळला. धावला. वर चढून त्याने इंजिन सुरू केलं. पंख्याने नुसता काळा चिखल उडवला. बोट जागची हलली नाही. इंजिन बंद झालं.

मग तो कठड्यावर कोपर टेकून खाली बघत राहिला. "मुद्दाम केलंत."

"मी केलं," बोमी म्हणाली. "सोलचा आणि दानूचा बेत नव्हता, माझा होता. मला माफ करा." तिने सगळं सांगितलं: उद्याची बावीस माणसं, मेंगबाई, सात दहाची बोट, वसतिगृह, शहरातली खोली. "बोट बंद झाली तर आमचं घर तीन ठिकाणी फुटणार. मला नाही जायचं. मला इथेच राहायचंय."

कप्तानने टॉवेलने तोंड पुसलं. आजी कुठली, त्याने विचारलं. वांदोची, बोमी म्हणाली.

"मग तिचं म्हणणं मला आधी नाही का सांगायचं?"

"सांगितलं होतं. फोनवर. तुम्ही ठेवून दिलात."

तो खाली उतरला, वाळूतल्या दोन्ही ओळींपाशी गेला आणि पुन्हा एकदा बोटाने मोजू लागला, आधी त्याच्या, मग तिच्या. दोन्ही ओळी पंधरा-पंधराच होत्या.

"मासे थांबतील एक दिवस," तो शेवटी म्हणाला. "त्यांना तरी कुठे कळतंय कितवं पाणी आहे ते. किम्बाप उरलेत का?"

सोल टेकडीवर चढून, जिथे फोन लागतो तिथून आजीला कळवून आला. तिघं बोटीच्या खोलीत झोपली, आणि कप्तान इतका घोरला की शेवाळाचे खांब हलले असतील.

सोमवारी दहाच्या सुमाराला बांधावरून लाल टोप्यांची रांग आली. पुढे प्योकाका झेंडा घेऊन. चिखलात आरामात बसलेली बोट बघून ते क्षणभर थबकले, मग त्यांची छाती फुगली. बघा मेंगबाई, बोट वेळेच्या आधी हजर, याला म्हणतात नियोजन. मेंगबाईंनी बोट पाहिली. तिच्या अंगावर उंच उडून वाळलेला चिखल पाहिला. त्या समुद्रकाठच्याच होत्या.

"ही कालच्या भरतीची बसलीय," त्या म्हणाल्या. "आमच्यासाठी एक दिवस आधी येऊन थांबलात, कप्तान?"

कप्तानने हो म्हटलं असतं तर तो सुटला असता, आणि प्योकाका तर डोळ्यांनीच त्याला हो म्हण म्हणत होते. पण त्याची नजर बोमीवर गेली.

"मी चुकीच्या दिवशी आलो होतो आणि निघालो होतो," तो म्हणाला. "या प्योने मला दिवस सांगितला नाही आणि मी विचारला नाही. या पोरीने दोघांनाही शुक्रवारीच सांगितलं होतं, आम्ही दोघांनीही ऐकलं नाही. मग तिने मला एक तास भांडत ठेवलं आणि माझी बोट चिखलात बसवली. चाळीस वर्षांत मला कोणी असं फसवलं नव्हतं."

प्योकाकांचा झेंडा हळूहळू खाली आला. मग त्यांनी खिशातून ती चुरगळलेली चिठ्ठी काढली आणि सगळ्यांसमोर बोमीला म्हणाले, "चूक माझी. लेकरांचं ऐकायला हवं होतं मी."

मेंगबाईंनी बोमीला जवळ बोलावलं आणि विचारलं, एवढं सगळं कशासाठी? बोमीने या वेळी तोंड मिटलं नाही. शाळेचं, घराचं, बोटीचं सगळं सांगितलं. मेंगबाई ऐकत राहिल्या. वही त्यांच्या हातात होती, पण त्या लिहीत नव्हत्या.

"मी माणसं मोजायला आले होते," त्या म्हणाल्या. "रोज किती चढतात, किती उतरतात. चालणारे येतील, आम्हा बावीसजणांना पुढच्या वर्षी परत यायचंय, ते मी लिहीनच. पण वेळापत्रक ठरवताना माझा शब्द शेवटचा असतो, आणि तो मी आत्ताच देते. सात दहाची बोट राहील."

दुपारी पाणी चढलं, चिखलातून बोट सुटली, आणि माणसं चढू लागली. सोल पिशव्या वर देत होता, प्योकाका आणि कप्तान रिकाम्या दिवसावरून पुन्हा भांडत होते. मेंगबाई शेवटी चढल्या. दानू उतारावर पाण्यात उभा राहून त्यांच्याकडे बघत होता. तो दहा वर्षांचा होता आणि त्याला पक्कं हवं होतं.

"रोज?" त्याने विचारलं.

"रोज," मेंगबाई म्हणाल्या. "रविवार धरून."

बोमीला रडू आलं, आणि तिने ते कोणापासून लपवलं नाही.